जाळीवरचा दगड

१५ जून, गुरुवार

वरचं तळं काठोकाठ भरलंय. सकाळी सहाला बूच काढलं. पुजाऱ्यानं मंत्र म्हटले, इवाओनं तळेसंघाचा अध्यक्ष म्हणून भाषण केलं (लांबलं), मग आम्ही आठ जणांनी दोर ओढला. बूच निघालं, पण पाणी काही येईना. एकोणीस वर्षं मी या तळ्याचा पाटकरी आहे, असं कधी झालं नव्हतं. खाली भाताची खाचरं नांगरून वाट बघतायत आणि सगळे माझ्याकडे बघतायत, जसं काही मीच पाणी पिऊन बसलोय. शेवटी मोरीत हात घातला, तर गवताचा हा मोठा बोळा आणि त्यात आडवं अडकलेलं कासव. ताटलीएवढं, काळं कुळकुळीत. ते ओढून काढलं तसं धो धो पाणी सुटलं आणि मी कमरेपर्यंत भिजलो. टाळ्या माझ्यासाठी होत्या की पाण्यासाठी, कळलं नाही.

इवाओ म्हणाला, "लालकान्या सापडला रे तोकुजीला. फ्रीझर मोकळा आहे का बघा."

मी म्हटलं, "चष्मा लाव. कानाला लाल पट्टा दिसतोय का कुठे? घाण्या कासव आहे हे. त्यांचे नर म्हातारे झाले की असेच काळे पडतात."

आमच्या तळ्यांत तीन जातींची कासवं. दगडी कासव मूळचं इथलं, आता क्वचित दिसतं. घाण्या कुठून तरी आला, पण त्याला पिढ्या लोटल्या, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आणि लालकान्या, अमेरिकेतला, पोराबाळांनी पाळून कंटाळा आला की तळ्यात आणून टाकलेला. त्यानं शेवाळ, शिंगाड्याचे वेल, माशांची अंडी, काही शिल्लक ठेवलं नाही. पकडलेला लालकान्या संघाच्या शेडमधल्या जुन्या फ्रीझरमध्ये जातो, गोठून मरायला. ही व्यवस्था माझीच. आतापर्यंत सेहेचाळीस. या जूनच्या एक तारखेपासून सरकारनंही कायदा केला: लालकान्या घरी पाळता येईल, पण बाहेर सोडायचा नाही, विकायचा नाही.

"घाण्या आहे ना, मग टाक परत तळ्यात," इवाओ म्हणाला. टाकणारच होतो. पण मोरीत घासून त्याचा मागचा पाय सोलला होता, म्हणून बादलीत घालून घरी आणलं. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे.

हारुएनं बादलीत डोकावून पाहिलं आणि काही बोलली नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायको काही बोलली नाही असे दिवस मी बोटांवर मोजू शकतो. आमच्या मुलाकडे, मित्सुरुकडेही, लहानपणी एक कासव होतं, जत्रेतून आणलेलं. पळून गेलं.

१७ जून, शनिवार

अंगणातल्या हौदातला शेवटचा कोई मासा गेल्या हिवाळ्यात मेला, तेव्हापासून हौद रिकामाच होता. त्यात सोडलंय कासवाला. जखमेला औषध लावलं तर मला चावलं. जोर चांगला आहे.

कवचाच्या मागच्या कडेला एक भोक आहे. गोल, आरपार. कुठल्यातरी जनावराचा दात लागला असणार. हारुएला दाखवलं.

"दात? इतका गोल?"

"मग खिळा लागला असेल."

"हं," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दुपारी उडोनच्या उरलेल्या शेवया टाकल्या. कासवाला देऊ नयेत म्हणतात. पण उडोनसाठी नावाजलेल्या या सानुकीत राहून उडोन खायचा नाही, असं त्याला कोणी सांगायचं?

१८ जून, रविवार

ठरल्याप्रमाणे ओसाकाहून मित्सुरुचा फोन. ठरल्याप्रमाणे पहिला प्रश्न, "बाबा, गॅस बंद आहे ना? मागचं दार?" एक्केचाळीस वर्षांचा झाला, दर रविवारी हेच. इथं येतो तेव्हा निघताना गाडीतून तीनदा उतरून फाटक बघतो. लिफ्ट तपासायची नोकरी आहे त्याची. कंपनी त्याच्यावर खूश आहे म्हणे, त्यानं पाहिलेली लिफ्ट दुसऱ्याला पाहावी लागत नाही. असेल. पण स्वभाव कुणावर गेलाय कोण जाणे. मी आयुष्यभर दार उघडं टाकून झोपणारा माणूस.

हारुएनं त्याला कासवाचं सांगून टाकलं.

"वर जाळी आहे?" त्यानं विचारलं.

"आहे."

"जाळीवर दगड ठेवलाय?"

मी फोन हारुएच्या हातात दिला. इतक्या वर्षांनी त्याला दगड आठवतो, कमाल आहे.

२१ जून, बुधवार

पाय बरा होत आलाय. सोडण्याआधी नगरपालिकेला दाखवून घ्यावं म्हटलं, म्हणजे इवाओचं तोंड बंद होईल. पर्यावरण विभागातली निशिओका म्हणून मुलगी आली. गमबूट घालून, तिशीचीही नसेल. मला पहिल्या वाक्यापासून "आजोबा" म्हणायला लागली.

"आजोबा, याचा वास घ्या."

"कशाला?"

"घाण्या कासव हातात धरलं की घाण मारतं, म्हणून तर ते नाव. हे मारतंय?"

वास घेतला. उडोनच्या रश्शाचा येत होता.

"आता पाठीवर बोट फिरवा. घाण्याच्या पाठीवर उभ्या तीन धारा असतात. लागतायत?"

"एक लागतेय. थोडी."

"आता पुढची नखं बघा."

नखं चांगली लांबसडक. शेतात काम करणाऱ्याची नखं अशी नसतात, एवढं मला कळतं.

"ही लालकान्या नराची नखं," ती म्हणाली. "घाण्याचे नर म्हातारपणी काळे पडतात, बरोबर आहे तुमचं. पण लालकान्याचेही पडतात. पट्टा त्यात बुडून जातो. इकडे उन्हात या." तिनं मान जरा वळवली. मी चष्मा पुसून पाहिलं. डोळ्यामागे विटकरी रंगाची एक पुसट रेघ होती.

"वय किती असेल?"

"तीस-पस्तीस. अजून दहा वर्षं सहज काढेल."

मग कायदा सांगितला. सापडला तिथेच लगेच सोडला असता तर चाललं असतं. घरी आणून हौदात ठेवलात, म्हणजे पाळलात. आता सोडाल तर गुन्हा. पाळायला परवाना नको, नोंदणी नको, फक्त पळून जाता कामा नये असं पक्कं कुंपण हवं. नाहीतर कुणाला तरी फुकट द्या, जो मरेपर्यंत सांभाळेल.

"कुणाच्या मरेपर्यंत?" मी विचारलं.

"कासवाच्या. तुमचं वय काय, आजोबा?"

"बहात्तर."

ती चहा प्यायली, छान झालाय म्हणाली.

२२ जून

इवाओ आला. हातात संघाच्या नियमांची तसबीर. भिंतीवरून काढून आणली होती, खिळ्यासकट.

"कलम चार वाचतो हं," म्हणाला. "संघाच्या तळ्यात सापडलेला लालकान्या कोणास पाळावयाचा असल्यास दोन नावे लेखी द्यावीत, आताच्या सांभाळणाऱ्याचे आणि त्याच्या पश्चात सांभाळणाऱ्याचे. दोन महिन्यांत न दिल्यास फ्रीझर. कोणासही सवलत नाही. अक्षर कसं सुरेख आहे रे. कुणाचं?"

अक्षर माझं. मसुदा माझा. 'कोणासही सवलत नाही' हे वाक्य बैठकीत कुणाला नको होतं, मीच हट्टानं घातलं एप्रिलमध्ये.

"दुसरं नाव माझं घाल," इवाओ म्हणाला.

"तू चौऱ्याहत्तरचा आहेस."

"तब्येत बघ ना माझी."

जाताना हौदापाशी थांबून त्यानं कासवाला अगदी वाकून नमस्कार केला. पंधरा ऑगस्टपर्यंत मुदत.

३० जून

हौदाभोवती पत्रा ठोकला, वरची कड आत वळवून. निशिओकानं चित्र काढून दिलं होतं. तरी या गृहस्थानं कोपऱ्यात नखं रोवून अर्धी चढाई केली. वर नवी, जाड जाळी टाकली. जाळीवर दोन दगड.

हारुए त्याला 'पाहुणे' म्हणते. "पाहुण्यांचं जेवण झालं का?" मी म्हटलं, नाव ठेवू नकोस, माया लागते. कुणाला, असं तिनं विचारलं.

९ जुलै, रविवार

ऊन कडक. खाचरांत पाणी व्यवस्थित. आज गोन्ता तासभर दगडावर चारी पाय पसरून ऊन खात बसला होता, मी जवळ गेलो तरी पाण्यात पडला नाही.

वरची ओळ पुन्हा वाचली. गोन्ता हे नाव मी ठेवलेलं नाही, मित्सुरुनं ठेवलं होतं. खोडत नाही. उलट १५ जूनला जे लिहिलंय तेच दुरुस्त करायला हवं. पळून गेलं नव्हतं.

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्सुरु नऊ वर्षांचा होता. जत्रेतून आणलेलं कासव तोपर्यंत हातभर जागेत मावेना, पाणी रोज बदलावं लागे, घरभर वास. त्यानं माझ्या हत्यारांच्या पेटीतला सामता घेऊन कवचाच्या कडेला भोक पाडलं आणि त्यात लाल दोरी ओवली. फिरायला न्यायचा. मी त्याला सामत्यासाठी रागावलो होतो, हे चांगलं आठवतंय. मग परवा भोक बघून दात कुठून सुचला मला?

त्या साली माझे वडील गेले. त्यांचा पहिला बोन, म्हणजे ऑगस्टमध्ये पितर घरी येतात तो सण. पहिल्यांदाच पितर म्हणून घरी येणार, आणि घरात जीव बांधून ठेवलेला नको, असं आई धरून बसली. वडील मूळचे किनाऱ्यावरचे, घरजावई होऊन इकडे आलेले. जाळ्यात कासव आलं की त्यांच्याकडे साके पाजून मानानं परत सोडत. मला वाटलं, वडिलांसाठी एवढं तरी करावं. दुपारी सगळे झोपलेले असताना जाळी काढली, कासवाला घेऊन वरच्या तळ्यावर गेलो, दोरी कापली, तोंडाला साके लावली, हात जोडले. पुण्य केलं असं वाटत होतं. तळ्याचा पाटकरी पुढे झालो, पण सुरुवातीला त्यात लालकान्या टाकणाऱ्यांतला मी एक.

मित्सुरुला सांगायचं धाडस झालं नाही. पळून गेलं, म्हटलं. त्यानं विचारलं, "मी दगड ठेवायला विसरलो का?" मी म्हटलं, "असेल." एवढंच बोललो. शाळा उघडेपर्यंत पोरगं रोज चाळण घेऊन पाट धुंडाळत होतं. लहान मुलं विसरतात सगळं, असं मी हारुएला म्हणालो होतो.

२० जुलै

दुसरं नाव मिळत नाही. शाळेनं नाही म्हटलं. मंदिराच्या तळ्यात आधीच नको तितके आहेत. निशिओकानं चार ठिकाणी फोन केले बिचारीनं.

हारुए म्हणाली, "मित्सुरुला विचारा."

"तो फ्लॅटमध्ये राहतो."

"विचारा तरी."

"विचारायचं तर बाकीचंही सांगावं लागेल."

"मग सांगा."

"तुला काय माहीत बाकीचं काय ते?"

ती भोपळी मिरच्या चिरत होती, चिरतच राहिली. "त्या दिवशी देवघरातली साकेची बाटली अर्ध्यावर आली होती. तुम्ही म्हणालात, तळ्यावर बसून प्यायलो. तुमच्या तोंडाला वास नव्हता अहो. बत्तीस वर्षं वाट बघतेय, कधी सांगताय ते."

"मग तूच का नाही सांगितलंस त्याला?"

"दोनदा तोंडापर्यंत आलं होतं," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पण सोडलंत तुम्ही ना?"

मी डोळे चोळत हौदाकडे गेलो. मिरच्या फार तिखट निघाल्या.

१३ ऑगस्ट, रविवार

मित्सुरु आला. दारात पितरांसाठी काड्या पेटवल्या आणि तो थेट हौदाकडे गेला. दगड उचलले, जाळी काढली, कासव उचललं. उलटं न करताच मागच्या कडेवरून बोट फिरवलं. भोक सापडलं. ते बोट बराच वेळ तिथेच.

"कुठे मिळाला?"

"वरच्या तळ्याच्या मोरीत."

"मी खालचे सगळे पाट पाहिले होते," तो म्हणाला. "वर बघितलंच नाही. चढाला चालत जाईल असं वाटलं नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात इवाओ कलिंगड घेऊन आला. "बोनमध्ये जीव घ्यायचा नाही, म्हणून पंधराऐवजी सतरा. त्यापुढे एक दिवस नाही. कलम तुझंच आहे," म्हणाला. हसला नाही तो. त्यालाही नकोय हे, पण माझ्यासाठी कलम वाकवलं तर बाकीच्यांच्या सेहेचाळिसांचं काय सांगायचं? बरोबर आहे त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर पंधरालाच नेलं असतं.

मित्सुरुनं जाळी लावली, दोन दगड ठेवले. चार पावलं जाऊन परत आला, दगड दाबून बघितले.

१४ ऑगस्ट

वादळाचा इशारा आहे. वारा सुटला म्हणून दोघं हौदावर फळ्या टाकायला गेलो. मी फळी धरली होती, तो दोरी बांधत होता. माझे हात गुंतलेले, उठून जाता येईना, म्हणून बोलू शकलो असं वाटतं. सगळं सांगितलं. आजोबांचा बोन, आजीचं बोलणं, साके, सगळं.

तो दोरी बांधायची थांबला.

"म्हणजे दगड होता?"

"होता. दोन होते. तू दोन ठेवायचास. मीच उचलले आणि मीच बाजूला ठेवले."

"नक्की?"

"नक्की. एक जड होता, त्यानं माझं बोट चेचलं. सुजलेलं बोट तू पाहिलं होतंस."

"तुम्ही 'असेल' म्हणालात."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, बाबा. तोंडावर विचारलं होतं."

मी म्हटलं, चुकलो. त्यानं गाठ मारली, नीट मारली, आणि पावसात निघून गेला. जेवायला आला नाही. हारुएनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडेही बघितलं नाही. नऊ वर्षांच्या पोराशी खोटं बोललो आणि एक्केचाळीस वर्षांच्या माणसानं उपाशी राहावं, हा कुठला न्याय?

१५ ऑगस्ट

रेल्वे बंद, ओसाकाकडे जायचा समुद्रावरचा पूल बंद. वादळ आमच्या बाजूला फारसं आलं नाही. मित्सुरु दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी फळ्या काढायला गेलो तर तो आधीच तिथे उकिडवा बसलेला, हातात उडोनची एक शेवई, आणि गोन्ता मान लांब करून ती ओढत होता.

"साके खरंच प्यायला हा?" माझ्याकडे न बघता विचारलं.

"अर्धा पेला. थोडी सांडली."

"मजा वाटली त्याला?"

"तिरका पोहत गेला."

त्याच्या खांद्यांकडे बघत होतो. हलत होते. रडतोय असं आधी वाटलं, मग हसतोय असं वाटलं. तोंड बघायला पुढे जायची हिंमत झाली नाही. मीही बाजूला बसलो. गुडघे दुखेपर्यंत बसलो. तोही उठला नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर संघाचा कागद होता. आताचा सांभाळणारा, माझं नाव. त्याच्या पश्चात, मित्सुरु. शिक्कासुद्धा मारलेला. शेवटी त्याच्या अक्षरात एक ओळ: 'हे कासव सदर इसमाचे मूळचेच आहे.' अक्षर माझ्यासारखं आहे त्याचं, हे आज पहिल्यांदा पाहिलं.

१६ ऑगस्ट, बुधवार

पितरांना निरोप दिला. कागद इवाओकडे पोचवला आणि हा लालकान्या तळ्यात कुणी टाकला तेही सांगितलं, पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगणार म्हटलं. तो शेवटची ओळ दोनदा वाचून म्हणाला, "सत्तेचाळिसावा हुकला तर." मग आत जाऊन साकेची बाटली घेऊन आला, आणि ही तुझ्यासाठी नाही, असं बजावलं.

पूल उघडला. मित्सुरु दुपारी निघाला. "नोव्हेंबरमध्ये येतो, त्याच्या थंडीची सोय बघायला," म्हणाला. माझ्याशी बोलला की हौदाशी, नक्की सांगता येणार नाही. गाडीत बसला. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो, तो उतरून तीनदा येतो ते संपल्याशिवाय आत जाता येत नाही. गाडी निघाली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली. आम्ही थोडं थांबलो. आला नाही.

"फाटकाला कडी पण नाही घातली," हारुए म्हणाली. तिनं डोळे पुसले. आता यात रडण्यासारखं काय आहे?

मागे जाऊन बघतो तर हौदाची जाळी अर्धी उघडी, दोन्ही दगड बाजूला. सकाळी शेवया घालून तसाच गेला असणार. इतका काळजीवाहू मुलगा, आणि आजच कसा विसरला कोण जाणे. गोन्ता आत होता, दगडावर, ऊन खात.

मी जाळी ओढली आणि दगड ठेवले. दोन. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा एकदा जाऊन बघून आलो. आहेत.